गिटारचा आवाज खाणारा व्हॉल्यूम कंट्रोल

लातूरच्या एका विद्यार्थ्याने जुन्या दाराच्या सागवानी फळीतून घडवलेली इलेक्ट्रिक गिटार मागच्या महिन्यात माझ्याकडे आणली. तारांची कंपने टिपणारे पिकअप चांगले होते, तारा नव्या होत्या, सोल्डरिंगही नेटके होते; तरीही गोधडीत तोंड खुपसून कोणी गावे तसा आवाज येत होता. दोष सागवानाचा असावा, असे त्याला वाटत होते. मागचे झाकण काढल्यावर अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीच्या दुकानातून आणलेला १० किलोओहमचा व्हॉल्यूम कंट्रोल दिसला आणि लाकूड निर्दोष सुटले.

व्हॉल्यूम कंट्रोल, म्हणजेच पोटेन्शिओमीटर, पूर्ण उघडला की तो परिपथात नसल्यासारखाच असतो, हा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात त्याचा संपूर्ण रोध पिकअपच्या दोन्ही टोकांना सतत जोडलेला राहतो. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेल्या प्रवर्तनाच्या तत्त्वानुसार वेढ्यांत विद्युतदाब निर्माण होतो. या वेढ्यांचा इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध, समजा २.५ हेन्री आहे आणि वेढ्यांची स्वतःची व पाच मीटर केबलची धारकता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, मिळून ६०० पिकोफॅरड आहे. तर या जोडीचा अनुनाद, म्हणजे जिथे प्रतिसाद सर्वांत जोरकस ती वारंवारिता, सुमारे ४१०० हर्ट्झला येतो. गिटारच्या आवाजातली झळाळी याच भागात असते.

नागपंचमीला लिंबाच्या फांदीला बांधलेला झोका आठवावा. योग्य वेळी हलका रेटा देत गेले की तो उंच जातो. पण बसणाऱ्याने पाय जमिनीला घासत ठेवला, तर कितीही रेटले तरी झोका चढत नाही. पोटेन्शिओमीटर हा तो घासणारा पाय आहे. त्याचा रोध जितका कमी, तितका अधिक प्रवाह त्यातून वाहून ऊर्जा उष्णतेत जाते आणि अनुनादाचे शिखर बसते. आवाजाची झळाळी कमी करणारा टोन कंट्रोल पूर्ण उघडा असला, तरी उच्च वारंवारितेला त्याचा कपॅसिटर जवळपास सरळ तारेसारखा वागतो; म्हणून २५० किलोओहमचे दोन कंट्रोल मिळून १२५ किलोओहमचा भार होतो. एकाच गुंडाळीच्या (सिंगल-कॉइल) तीक्ष्ण पिकअपला तो मानवतो. हंबकरचा, म्हणजे दोन गुंडाळ्यांच्या पिकअपचा, इंडक्टन्स मुळातच जास्त आणि आवाज गडद असल्याने तेथे ५०० किलोओहम घेतात. १० किलोओहमने मात्र सुमारे १००० हर्ट्झच्या वरचे सारे उतरू लागते.

व्हॉल्यूमसाठी समप्रमाणात बदलणारा लिनियर नव्हे, तर पटीपटीने बदलणारा लॉग प्रकार घ्यावा, कारण कानाला आवाजातला फरक पटींमध्ये जाणवतो. लिनियर कंट्रोल अर्धा फिरवला तरी फक्त ६ डेसिबल उतरतात आणि उरलेली सगळी घसरण शेवटच्या थोड्या फेऱ्यात कोंबली जाते. पाठीवर ‘ए’ असल्यास लॉग आणि ‘बी’ असल्यास लिनियर, ही आजची रूढ खूण आहे. जुन्या युरोपीय मालावर ती उलटी सापडते. शिवाय छापील रोधात २० टक्के फरक मान्य असतो, तेव्हा मल्टिमीटर लावूनच निवड करावी.

टोन कंट्रोलला तेलात बुडवलेला कागदी कपॅसिटर लावल्याने आवाजाला ‘ऊब’ येते, ही जाहिरात मात्र तळहातावर नारळ धरून बोअरची जागा दाखवणाऱ्या पाणाड्याच्या पंक्तीत बसवावी. ०.०२२ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरड, ही धारकता महत्त्वाची. तो कशाचा बनला आहे, हे नव्हे.

सोन्याचा मुलामा पिकअप निवडण्याच्या स्विचमध्ये मात्र खरोखर उपयोगी पडतो. शेतातल्या मोटारीचा किंवा भिंतीवरचा स्विच जुळताना-तुटताना उडणारी ठिणगी संपर्कावरचा ऑक्साइडचा थर जाळते. गिटारच्या काही मायक्रोअँपिअर प्रवाहाला तो थर भेदता येत नाही आणि आवाज खरखरतो किंवा तुटतो. सोन्यावर असा थर धरत नाही; म्हणून कमी प्रवाहासाठीचाच स्विच मागावा. तीन पिकअप असतील, तर पाच स्थानांचा पट्टी-स्विच सोयीचा. फेंडर कंपनीच्या १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवर तीनच स्थाने होती. वादक दांडी मधेच अडकवून दोन पिकअप एकत्र वाजवत आणि १९७७ मध्ये फेंडरने पाच स्थानांचा स्विच दिला.

त्या विद्यार्थ्याने २५० किलोओहमचे दोन कंट्रोल मागवले आहेत. कंट्रोलचा दांडा ६ मिलिमीटरचा आहे की ६.३५ चा, हे पाहून मगच नॉब घे, एवढेच त्याला सांगायचे राहिले होते.