मोटार अपघात क्लेम (जखमींची नुकसानभरपाई)

दुसऱ्याच्या गाडीने धडक दिली, हातपाय मोडला, कामधंदा बुडाला, तर त्या गाडीचा ड्रायव्हर, मालक आणि इन्शुरन्स कंपनी अशा तिघांना पार्टी करून पैसे मागायचा जो अर्ज असतो त्याला आपल्याकडे नुसतं ‘क्लेम’ म्हणतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १६६ खाली तो टाकतात. कोर्टाचं पूर्ण नाव मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, पण एवढं लांब कोणी बोलत नाही, सगळे एमएसीटीच म्हणतात. अपघात झाला तिथेच केस टाकायला पाहिजे असं काही नाही, धडक साताऱ्याजवळ बसली आणि घर नाशिकला असेल तर नाशिकला अर्ज चालतो.

लोकांचा पहिला घोळ इथे होतो की पोलीस केस आणि क्लेम एकच समजतात. पोलीस केस ड्रायव्हरला शिक्षा व्हावी म्हणून असते, त्यातून तुमचं हॉस्पिटलचं बिल निघत नाही. क्लेम वेगळा, आणि त्यात पुरावा फौजदारी केसइतका कडक लागत नाही, कोणाची चूक असण्याची शक्यता जास्त दिसते तेवढं दाखवलं तरी पुरतं.

पैसे शक्यतो धडक देणाऱ्या गाडीच्या थर्ड पार्टी इन्शुरन्समधून येतात, म्हणून तर तो प्रत्येक गाडीला सक्तीचा आहे. ड्रायव्हरकडे लायसन्स नव्हतं वगैरे निघालं की कंपनी हात वर करते, पण अशा वेळी कोर्ट बऱ्याचदा सांगतं की आधी जखमीला द्या आणि मग मालकाकडून वसूल करा, याला ‘पे अँड रिकव्हर’ म्हणतात. गाडी पळूनच गेली आणि नंबरही मिळाला नाही तर सरकारी हिट अँड रन योजनेतून गंभीर जखमीला ५०,००० आणि मृत्यू झाला तर वारसांना २ लाख मिळतात, १ एप्रिल २०२२ पासून हा आकडा आहे, त्याआधी १२,५०० आणि २५,००० होता म्हणजे विचार करा.

आता कागद. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, हॉस्पिटलची एमएलसी नोंद (अपघाताची केस म्हणून दवाखाना पोलिसांसाठी करतो ती), डिस्चार्ज कार्ड, एकूणएक बिलं (मेडिकलवाल्याच्या साध्या चिठ्ठ्या नकोत, नाव आणि तारखेची पक्की बिलं), समोरच्या गाडीची आरसी आणि पॉलिसी, आणि आपल्या कमाईचा काहीतरी पुरावा. पंचनाम्यात टायर घासल्याच्या खुणा, गाड्या रस्त्याच्या कुठल्या बाजूला होत्या हे असतं आणि पुढे तुमचीच अर्धी चूक होती असा मुद्दा कंपनीच्या वकिलाने काढला की सगळं त्यावर येऊन थांबतं, कारण चूक जेवढे टक्के तुमची तेवढी भरपाई कापली जाते. जागेवरच ‘जाऊ द्या दादा, गाडीचा खर्च देतो, केस नको’ म्हणणारा माणूस प्रत्येक अपघातात भेटतो, आणि मार मुका असला तर आपणही हो म्हणतो, मग पंधरा दिवसांनी गुडघा सुजतो तेव्हा हातात एकही कागद नसतो.

खरी मारामारी असते टक्क्यांवर. सिव्हिल हॉस्पिटलमधून अपंगत्वाचं सर्टिफिकेट मिळतं, त्यावर आकडा असतो, आणि तोच आकडा भरपाईत धरायचा असं बरेच जण समजतात. तसं नाही. सुप्रीम कोर्टाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार केसमध्ये हे स्पष्ट केलं की शरीराचं अपंगत्व वेगळं आणि कमाईचं नुकसान वेगळं, एक हात गेला तर सुताराचा किंवा ड्रायव्हरचा धंदाच संपतो पण ऑफिसातल्या क्लार्कची नोकरी टिकू शकते.

उदाहरण घेऊ. फरशी बसवणारा मिस्त्री, वय ३२, महिन्याला १५,००० कमावतो, कारने उडवला, गुडघ्यात प्लेट बसली, आता उकिडवं बसता येत नाही. सर्टिफिकेट म्हणतं २० टक्के. वर्षाची कमाई १,८०,०००, स्वतःचा धंदा आणि वय ४० च्या आत म्हणून पुढे कमाई वाढली असती याचे ४० टक्के मिळवायचे (हे प्रमाण २०१७ च्या प्रणय सेठी निकालातलं), झाले २,५२,०००. याला ज्या आकड्याने गुणायचं तो गुणक वयाप्रमाणे ठरतो, २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यात ३१ ते ३५ ला १६ आहे. २० टक्के धरले तर होतात ८,०६,४००. पण वकिलाने डॉक्टरची साक्ष नीट काढली की हा माणूस फरशीवर बसूच शकत नाही आणि कोर्टाने कमाईचं नुकसान ५० टक्के धरलं, तर तेच २०,१६,००० होतात. गुडघा तोच, फरक बारा लाखांच्या वर. म्हणून डॉक्टरला साक्षीला बोलवायचा कंटाळा करणारा वकील परवडत नाही.

याच्यावर हॉस्पिटलचा खर्च, पुढच्या ऑपरेशनचा खर्च, सोबत राहणाऱ्या माणसाचा खर्च, बुडालेला पगार, वेदना, हे सगळं वेगळं मागता येतं. मेडिक्लेमने बिल भरलं तर ते यातून वजा करायचं का यावर बरीच वर्षं भांडणं चालली, २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने वजा करायचं नाही असं सांगितलं, प्रीमियम तुम्ही भरलेला असतो ना. गृहिणीला पगार नाही म्हणून शून्य असंही होत नाही, तिच्या कामाचं अंदाजे उत्पन्न धरतात.

चूक सिद्ध न करता मिळणारी रक्कमही आहे, कलम १६४ खाली गंभीर दुखापतीला अडीच लाख. पण ती घेतली की १६६ चा अर्ज संपतो, त्यामुळे वरच्या मिस्त्रीने घाईत ती उचलली असती तर बाकीच्यावर पाणी सोडल्यासारखं झालं असतं.

मुदतीचं बघा. १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत अर्ज टाकायचा असं कायद्यात आलंय, या अटीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, तरी त्या भरवशावर बसू नये. वकिलाची फी हा नाजूक विषय, भरपाईतले टक्के ठरवणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही तरी कोर्टाच्या आवारात सर्रास विचारतात ‘किती टक्के?’.

निकालाला अवॉर्ड म्हणतात, रक्कम व्याजासकट येते आणि बऱ्याचदा त्यातला मोठा भाग कोर्ट एफडीत टाकायला लावतं. लोकअदालतीत तडजोड केली तर पैसे लवकर हातात पडतात पण थोडे कमी. अवॉर्ड पटला नाही तर ९० दिवसांत हायकोर्टात अपील.