बहिणीला मान, बायकोला मार: सामोआतल्या लढ्यामागचा इतिहास

सामोआतलं जुन्या पद्धतीचं घर म्हणजे 'फाले'. लंबगोल चौथरा, भोवताली खांब, वर शाकारलेलं छप्पर, आणि भिंत एकही नाही. पावसाची सर आली की नारळीच्या झावळ्यांच्या विणलेल्या पट्ट्या खांबांमधून खाली सोडायच्या, उघडीप झाली की गुंडाळून वर बांधायच्या. आता बांधीव घरं खूप झाली आहेत. पण पिढ्यान्‌पिढ्या लोक असेच उघड्यावर राहिले. अशा घरात कुणी बायकोवर हात उगारला तर तो शेजारच्यांना दिसतो, निदान ऐकू तरी येतो. 'चार भिंतींआडची गोष्ट' हा आपला नेहमीचा शब्दप्रयोग तिथे लागूच पडत नाही. मग साऱ्या गावाला ठाऊक असलेल्या गोष्टीबद्दल इतकी वर्षं कुणी बोललं का नाही? तिथल्या बायका आणि तरुण मुलं आज कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध जे काम करताहेत, ते समजून घ्यायचं तर याच प्रश्नापासून सुरुवात करायला हवी.

सामोआ हा प्रशांत महासागरातला, दोन लाखांच्या आसपास वस्तीचा देश. उपोलू आणि सवाई ही त्याची दोन मोठी बेटं. १ जानेवारी १९६२ रोजी तो न्यूझीलंडच्या कारभारातून स्वतंत्र झाला. पण लोकांचा रोजचा संबंध सरकारपेक्षा गावाशी जास्त. प्रत्येक कुटुंब, म्हणजे 'आइंगा', आपला प्रमुख निवडतं; तो 'माताई'. सगळे माताई मिळून गावाची सभा भरते, ती 'फोनो'. दंड किती, शिक्षा काय, गावाबाहेर कुणाला काढायचं, हे सारं फोनो ठरवते.

या व्यवस्थेत बाईचं स्थान खालचं होतं असं सरसकट म्हणणं चूक ठरेल. सामोआच्या रीतीत भाऊ आणि बहीण यांच्यात एक पवित्र करार मानतात, त्याला 'फेआंगाइंगा' म्हणतात. बहीण ही भावाच्या डोळ्यातली बाहुली, अशी तिथे म्हणच आहे. भावाने तिचा शब्द राखायचा, तिचं रक्षण करायचं. मराठी वाचकाला हे सांगायला वेगळे शब्द शोधावे लागत नाहीत: ही माहेरवाशिणीची प्रतिष्ठा.

आणि अडचणीची सुरुवातही नेमकी इथेच होते. हीच मुलगी लग्न होऊन नवऱ्याच्या गावी गेली की ती 'नोफोताने' होते. नोफो म्हणजे राहणं, ताने म्हणजे पुरुष, नवरा. आपल्याकडचा 'सासुरवाशीण' हा शब्द इतका चपखल बसतो की दुसरा घेववत नाही. सासरच्या गावात तिला स्वतःचा असा दर्जा नाही. तिची जागा नवऱ्याच्या दर्ज्यावरून ठरते. रांधणं, वाढणं, उष्टी काढणं, सासू-नणंदांच्या हाताखाली राबणं हे तिच्या वाट्याला. घरात मानाची बाई असते, पण ती नणंद. एकाच बाईला एका गावात मान आणि दुसऱ्या गावात मार, हे एकाच रीतीत बसू शकत होतं. म्हणून 'सगळा दोष परंपरेचा' किंवा 'आमच्या परंपरेत असं नव्हतंच' ही दोन्ही विधानं मला अपुरी वाटतात.

१८३० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे लोक आले आणि थोड्याच दशकांत अवघं सामोआ ख्रिस्ती झालं. नवऱ्याच्या आज्ञेतली, घर सांभाळणारी पत्नी हा नवा आदर्श झाला, आणि बहिणीच्या नात्याला पूर्वी असलेलं वजन हळूहळू उतरलं. भाषेतही त्याची खूण राहिली आहे. फेआंगाइंगा हा शब्द आज गाव आणि त्याचा पाद्री यांच्यातल्या करारालाही वापरतात. जो मान बहिणीचा होता, त्यात पाद्री वाटेकरी झाला.

गावागावांतल्या महिला समित्यांची गोष्ट मात्र निराळी. १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये ऑकलंडहून आलेल्या 'तालुने' या जहाजाबरोबर इन्फ्लुएन्झाची साथ आली आणि काही आठवड्यांत पाचातला एक माणूस गेला. साडेआठ हजारांच्या घरात मृत्यू. त्यानंतर, १९२० च्या दशकात, गावच्या आरोग्यासाठी बायकांच्या समित्या उभ्या राहिल्या. तान्ह्या बाळांची वजनं करणं, पाण्याची जागा स्वच्छ ठेवणं, घरोघरी फिरून अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी तपासणं ही त्यांची कामं. दुसऱ्याच्या घरात शिरून तपासणी करायचा अधिकार बायकांच्या हाती आला, ही केवढी मोठी गोष्ट! त्या तपासणीत घरातल्या बाईच्या अंगावरचे वळ मात्र मोजले जात नव्हते. तो नवराबायकोचा प्रश्न होता.

१९९० या एका वर्षात दोन उलट्या दिशांच्या गोष्टी घडल्या. गावसभेचे अधिकार कायद्याने मान्य झाले, आणि जनमत घेऊन सर्व प्रौढांना मताधिकार मिळाला. त्याआधी मत जवळजवळ फक्त माताईंनाच होतं, आणि माताईंमध्ये बायका फारच थोड्या. १९९२ मध्ये सामोआने स्त्रियांविरुद्धचे सर्व भेदभाव नष्ट करण्याचा संयुक्त राष्ट्रांचा करार स्वीकारला. प्रशांतातल्या बेटराष्ट्रांत तो स्वीकारणारा हा पहिला देश. याच दशकात 'मापुसांगा ओ आइंगा' ही संस्था मार खाणाऱ्या बायकांची बाजू उघडपणे मांडू लागली.

मग आकडे समोर आले. जागतिक आरोग्य संघटनेने अनेक देशांत केलेल्या पाहणीत सामोआ होतं. कधी ना कधी जोडीदार असलेल्या बायकांपैकी सुमारे ४६ टक्के जणींनी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली होती. त्याहून डोळे उघडणारी गोष्ट दुसरीच निघाली. पाहणी झालेल्या देशांत सामोआ हा एकच असा होता, जिथे पंधराव्या वर्षानंतर बायकांनी नवऱ्यापेक्षा इतरांचा मार जास्त खाल्ला होता. हे इतर म्हणजे बहुतेक करून आईवडील, शिक्षक. 'छडी लागे छमछम' म्हणत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे समजायला वेळ लागू नये. मार हेच वळण लावायचं साधन, हे ज्या मुलाच्या अंगात लहानपणी मुरलं, तो पुढे बायकोवर हात उचलताना स्वतःला गुन्हेगार समजत नाही. म्हणून सामोआत तरुणांना सोडून बायकांपुरतं काम करता येत नाही.

२००५ मध्ये 'सामोआ व्हिक्टिम सपोर्ट ग्रुप' सुरू झाला. सिलिनियू लीना चँग हे त्यातलं ठळक नाव. मदतीचा फोन, निवारा, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे गावातच राहणारे प्रशिक्षित प्रतिनिधी. याच संस्थेने पुढे नोफोताने बायकांसाठी खास कार्यक्रम घेतला: शिवणकाम, हस्तकला, स्वयंपाकाचे पदार्थ, भाजीपाला यांतून हाती स्वतःचे चार पैसे यावेत आणि त्याच बैठकांत आपले हक्कही कळावेत. सासुरवाशीण ही वेगळी गरज असलेली बाई आहे हे नाव घेऊन मान्य केलं गेलं, हे मला या साऱ्या इतिहासातलं कळीचं वळण वाटतं. तरुणांच्या बाजूने डोरिस तुलिफाऊ यांच्या 'ब्राउन गर्ल वोक' या संस्थेने विद्यार्थ्यांमध्ये हा विषय बोलता केला.

कायदा २०१३ मध्ये आला. नव्या फौजदारी कायद्याने लग्नातला बलात्कार हाही गुन्हा ठरवला आणि कुटुंब सुरक्षा कायद्याने संरक्षण आदेशाची सोय केली. पण गावात अजून 'इफोंगा' आहे. अपराध्याच्या घरची माणसं पहाटे येऊन, डोक्यावर बारीक विणीची मौल्यवान चटई घेऊन, दुखावलेल्या कुटुंबाच्या दारासमोर खाली मान घालून बसतात. उन्हात तासन्‌तास. आतून कुणी येऊन चटई उचलली की क्षमा मिळाली. दोन घराण्यांमधला रक्तपात टाळणारी ही रीत आहे, आणि तिच्याबद्दल आदरच वाटतो. प्रश्न एवढाच की चटई उचलणारा हात कुटुंबप्रमुखाचा असतो. जिला मारलं तिला क्षमा करायची होती का, हे विचारलं जातंच असं नाही. आणि अशी क्षमा झाली की न्यायालयही शिक्षा ठरवताना ती जमेस धरतं.

या गाठीला हात घातला २०१८ च्या अहवालाने. लोकपाल माइआवा यूलाई तोमा यांच्या कार्यालयाने कौटुंबिक हिंसाचाराची राष्ट्रीय चौकशी केली आणि लोकांना समोर बसवून साक्षी घेतल्या. माताई आणि पाद्री यांच्या मौनावर अहवालाने बोट ठेवलं, आणि उपाय गावातच शोधला: गावोगावी सुरक्षा समित्या. २०२० पासून युरोपीय संघ आणि संयुक्त राष्ट्रांच्या 'स्पॉटलाइट' उपक्रमाच्या आधाराने अशा समित्या उभ्या राहू लागल्या. त्यांत माताई, पाद्री, महिला समितीच्या बायका आणि तरुण एकत्र बसतात. शंभर वर्षांपूर्वी बाळांची वजनं करायला घरोघर फिरणाऱ्या समित्यांच्याच वाटेने हे काम चाललं आहे. या खेपेला तपासणीच्या यादीत घरातली बाईही आहे.