बंद उभ्या यंत्राच्या बेअरिंगची झीज

बडोद्यात गोत्री, वासणा, अकोटा या भागांतील बहुमजली इमारतींच्या तळघरात पाण्याचे दोन पंप बहुधा एकाच लोखंडी चौकटीवर शेजारी शेजारी बसवलेले असतात. एक रोज चालतो आणि दुसरा अडचणीच्या वेळेसाठी स्टँडबाय म्हणून राखलेला असतो. चालता पंप बंद पडला की राखीव पंपाचे बटण दाबले जाते, आणि महिनोन्‌महिने ज्याने काहीच काम केलेले नाही तो पंप सुरू होताच घरघरू लागतो. मिस्त्री मोटर उघडून बेअरिंग, म्हणजे मोटरच्या शाफ्टला (फिरत्या दांड्याला) आधार देणारा भाग, गेल्याचे सांगतो, तेव्हा न वापरलेले बेअरिंग झिजलेच कसे, असा प्रश्न सोसायटीच्या सभेत निघतो. पुष्कळदा ते उभे राहूनच झिजलेले असते.

बेअरिंगमध्ये आतले आणि बाहेरचे अशी दोन कडी असतात आणि त्यांच्यामधील खाचेत पोलादी छर्रे फिरतात. छर्रा कड्याला जेथे टेकतो ती जागा अगदी लहान असल्यामुळे तेथील दाब हवेच्या दाबाच्या हजारो पट असतो. शाफ्ट वेगाने फिरत असताना छर्रे ग्रीसमधील तेल आपल्यापुढे ओढून घेतात आणि दोन धातूंच्या मध्ये मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) अंशाएवढ्या जाडीचा तेलाचा थर टिकून राहतो. शाफ्ट थांबला की तो थर हळूहळू दाबाखालून बाजूला सरकतो. एवढ्यावर थांबले तर काही बिघडत नाही. परंतु शेजारचा पंप चालू असतो, त्याची कंपने चौकटीतून बंद उभ्या पंपापर्यंत पोहोचतात आणि प्रत्येक छर्रा एकाच जागी, डोळ्यांना दिसणार नाही इतका, पुढे-मागे घासत राहतो. ही हालचाल इतकी तोकडी असते की बाजूला गेलेले तेल आत परत येऊ शकत नाही. धातूचे सूक्ष्म उंचवटे एकमेकांना चिकटतात आणि तुटतात. तुटलेल्या कणांवर हवेतील ऑक्सिजनची क्रिया होऊन त्यांचे लालसर तपकिरी लोह-ऑक्साइड बनते, आणि ही कठीण भुकटी पुढची झीज आणखी वाढवते.

असे बेअरिंग उघडून, पुसून उजेडात धरले, तर खाचेत दोन छर्ऱ्यांमधील अंतराएवढ्याच अंतरावर ओळीने पडलेले खळगे दिसतात आणि काही वेळा त्यांच्या कडेला लाल झालेले ग्रीसही आढळते. हातोडीचा घाव किंवा अतिभार यांमुळेही असेच ओळीने खळगे पडतात. पोलादाची कठीणता मोजण्यासाठी त्यावर छर्रा दाबून खळगा पाडण्याची पद्धत स्वीडिश अभियंता योहान ऑगस्ट ब्रिनेल यांनी १९०० मध्ये मांडली, म्हणून दाबाने पडलेल्या अशा खळग्यांना ब्रिनेलिंग म्हणतात, तर कंपनाने झालेल्या झिजेला फॉल्स, म्हणजे खोटे, ब्रिनेलिंग. दोन्हींतील भेद भिंगातून ओळखता येतो: दाबाने पडलेल्या खळग्याच्या तळाशी कारखान्यातील ग्राइंडिंगच्या बारीक रेषा बहुधा टिकून असतात, झिजेने झालेल्या खळग्यात त्या पुसल्या गेलेल्या असतात. हे पाहिल्याशिवाय बेअरिंग बसवणाऱ्या फिटरवर ठपका ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

अमेरिकेत रेल्वेने पाठवलेल्या नव्या मोटारगाड्यांच्या चाकांची बेअरिंगे मुक्कामी पोहोचेपर्यंत खराब होत, आणि रस्त्याने चालवत नेलेल्या गाड्यांची मात्र शाबूत राहत. जनरल मोटर्सच्या जे. ओ. आल्मेन यांनी १९३७ मध्ये या झिजेचा उलगडा केला. बडोद्यातील मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतून ट्रकने बाहेरगावी जाणाऱ्या मोटरलाही हाच धोका आहे. म्हणून, विशेषतः रोलर बेअरिंग (छर्ऱ्यांऐवजी रूळ असलेले) असलेल्या मोठ्या मोटरचा शाफ्ट पाठवण्यापूर्वी कुलूपपट्टीने घट्ट जखडतात, आणि मोटर जागेवर बसल्यावर ती पट्टी आठवणीने काढावी लागते.

राखीव पंपासाठी सर्वांत चांगला उपाय म्हणजे दोन्ही पंप आठवड्याआड आळीपाळीने चालवणे. ते शक्य नसेल, तर वीज मुख्य स्विचपासून तोडून शाफ्ट हाताने फिरवावा. कपलिंगला (मोटर आणि पंप यांचे शाफ्ट जोडणाऱ्या भागाला) धरून शाफ्ट नुसता थोडा हलवून सोडून देणे उपयोगाचे नाही, कारण अपुऱ्या तेलावरची तोकडी हालचाल हेच तर मूळ दुखणे आहे. चार-पाच पूर्ण फेऱ्या दिल्या की ग्रीस पुन्हा सगळीकडे पसरते. मग कपलिंगवर खडूने केलेली खूण मागच्या वेळेपेक्षा पाव फेरी पुढे आणून थांबावे. आतले कडे फिरते असेल तर शाफ्टच्या एका पूर्ण फेरीत छर्ऱ्यांची माळ सुमारे ०.४ फेरीच पुढे सरकते, त्यामुळे छर्रे जुन्या जागी सहसा येत नाहीत आणि दर वेळी खाचेच्या नव्या भागावर टेकतात.

कंपन मुळातच कमी करणे अर्थात अधिक चांगले. दोन पंपांचे पाये वेगळे ठेवावेत, निदान चौकटीखाली रबराचे किंवा स्प्रिंगचे आधार द्यावेत, आणि पाइपमध्ये लवचीक जोड घालावा, कारण चौकट वेगळी केली तरी कंपने पाइपातून येतातच. ग्रीसबाबत मात्र ‘जाड ते चांगले’ ही समजूत येथे उलटी पडते: ज्यातून तेल सहज सुटून घासल्या जाणाऱ्या जागी परत पोहोचते, असे तुलनेने मऊ ग्रीस या कामाला बरे. छर्ऱ्यांना किंचित दाबून धरणारी स्प्रिंग वॉशर मोटरमध्ये असेल, तर त्यांचे खाचेतील हलणेही कमी होते.

खळगे एकदा पडले की नवे ग्रीस भरून ते भरून येत नाहीत. प्रत्येक छर्रा त्यांवरून जाताना आपटतो, आवाज वाढतो आणि कालांतराने पोलादाचे पापुद्रे सुटू लागतात. तेव्हा बेअरिंग बदलावेच लागते. ते बदलताना शेजारच्या पंपाचे कंपनही त्याच दिवशी तपासावे, नाहीतर नव्या बेअरिंगची झीज बसवल्यापासूनच सुरू होते.