पार्श्वभूमी: डायमंड ब्लेड पाण्याविना कसे चालू लागले

दगड कापताना खरे काम पात्याचे नसते, त्याखालच्या कणांचे असते. प्राचीन इजिप्तमधले कारागीर तांब्याचे पाते आणि वाळू यांच्या जोरावर ग्रॅनाइट कापत, ते याच तत्त्वावर. पुढची कित्येक शतके यात फार बदल झाला नाही. 1860 च्या दशकात खडकात भोके पाडणाऱ्या नळीच्या तोंडावर हिरे बसवले गेले आणि 1885 मध्ये फ्रान्समध्ये हिरे जडवलेले गोल पाते आले. एकेक हिरा हाताने बसवावा लागे, त्यामुळे ते मोठ्या खाणींपुरतेच राहिले.

हिऱ्याचे कण धातूच्या भुकटीत मिसळून, दाबून, तापवून सेगमेंट, म्हणजे पात्याच्या कडेला बसणारे कापणारे तुकडे, बनवण्याची रीत 1930-40 च्या दशकांत रुळली. 1954 मध्ये प्रयोगशाळेत कृत्रिम हिरा तयार झाला आणि 1957 पासून त्याचे कण बाजारात विकले जाऊ लागले. तेव्हापासून कणांचा आकार आणि चिवटपणा ठरवून घेता येऊ लागला. आज टाइल कापणाऱ्याच्या हातात जे ब्लेड असते ते मुळात या दोन गोष्टींमधून आले आहे.

सेगमेंट भिंगाखाली धरला तर प्रत्येक कणामागे धातूची बारीक शेपटी दिसते, धूमकेतूला असते तशी. कण पुढे, आधार मागे. हा आधार देणारा धातू म्हणजे बाँड, आणि तो योग्य वेगाने झिजून नवे कण उघडे पडणे हीच ब्लेडची धार. कडक ग्रॅनाइट किंवा पोर्सिलेन बाँडला फारसे घासत नाही, म्हणून तिथे बाँड मऊ हवा. वीट, ताजे काँक्रीट, वाळूचा दगड हे बाँड भराभर खातात, म्हणून तिथे तो कडक हवा. पाकिटावर ‘हार्ड मटेरियल’ लिहिलेले ब्लेड मऊ बाँडचे असते, आणि इथेच निवड चुकते. विटेचे ब्लेड पोर्सिलेनवर लावले की कण बोथट होतात, धातू वर येऊन चकाकतो, ब्लेड नुसते घासते आणि तापते. अशा वेळी जोर वाढवून उपयोग नसतो. खरखरीत विटेत दोन-चार काप घेतले की नवे कण उघडे पडतात. ब्लेड उलटे बसवू नये तेही या शेपट्यांमुळेच: आधार जातो आणि कण गळतात.

यापुढचा प्रश्न पाण्याचा, आणि वाद खरा तिथे आहे. पूर्वी सेगमेंट पोलादी चकतीला चांदीच्या डाकाने जोडत. हा डाक साधारण 600 ते 700 अंश सेल्सिअसला वितळतो. पाणी थांबले की सेगमेंट सुटून गोळीसारखा उडण्याची भीती, म्हणून पाण्याला पर्याय नव्हता. 1980 च्या दशकात लेझर वेल्डिंग आले, जोड उष्णतेला टिकू लागला आणि ब्लेडवर ‘ड्राय’ हा शब्द छापला गेला. 115 मिलिमीटरचे, 13,300 आरपीएमपर्यंत चालणारे ब्लेड लहान ग्राइंडरवर चढवायचे आणि उभ्या जागी काप घ्यायचा. पाण्याची टाकी नाही, चिखल नाही.

या सोयीची बाजू पोकळ नव्हती. विजेच्या हातयंत्रावर पाणी ओतणे धोक्याचेच, आणि राहत्या खोलीत गाळाचे डाग कोणाला हवे असतात? पण ‘ड्राय’ हा शब्द फक्त जोडाबद्दल बोलत होता. पाण्याविना ब्लेड तगेल, एवढेच त्यातून कळत होते. कापणाऱ्याच्या फुप्फुसाबद्दल त्यात अवाक्षर नव्हते, आणि वापरणाऱ्यांनी मात्र ती सरसकट परवानगी मानली. पाणी थंडाव्याबरोबर धूळही जागच्या जागी बसवत होते, हे त्या धांदलीत मागे पडले. ही चूक छपाईची नव्हे, विक्रीची होती असे मला ठामपणे वाटते.

काँक्रीट, ग्रॅनाइट, टाइल या सगळ्यांत क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकरूप सिलिका, असते. त्याचे चार मायक्रॉनहून बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. या धुळीने फुप्फुसाला होणारा सिलिकोसिस हा आजार जुना आहे आणि त्यावर बरे करणारे औषध नाही. 1997 मध्ये ही धूळ माणसात कर्करोग करणारी म्हणून वर्गीकृत झाली. अमेरिकेत 2016 च्या नियमाने हवेतल्या या धुळीची आठ तासांच्या पाळीतली सरासरी मर्यादा प्रति घनमीटर 50 मायक्रोग्रॅमवर आणली. हवेतली धूळ न मोजता काम करायचे असेल तर हातातल्या पॉवर सॉला सतत पाणी देणारी जोडणी हवी. ग्राइंडरला मात्र आवरण आणि व्हॅक्यूम चालतो. म्हणजे पाण्याची नळी तीस वर्षांनी पुन्हा ब्लेडजवळ आली.

सर्वात कडक पाऊल ऑस्ट्रेलियाने उचलले. तिथे 1 जुलै 2024 पासून राळेत क्वार्ट्झ बांधून केलेल्या कृत्रिम दगडाच्या ओट्यांवरच बंदी आली. अशा दगडात सिलिका 90 टक्क्यांहून जास्तही असते आणि पाणी व मास्क वापरून धोका पुरेसा आवरत नाही, हे त्यामागचे कारण. पोर्सिलेनच्या पाट्या बंदीबाहेर राहिल्या. त्यांना पातळ, सलग कडेचे, मऊ बाँडचे ब्लेड लागते, नाहीतर कड फुटते. आणि सिलिका त्यांतही आहेच, त्यामुळे काप ओलाच घ्यावा लागतो.