एडवर्ड आठवा : राज्यत्यागाचा पेचप्रसंग (१९३६)

ब्रिटनचा राजा आठवा एडवर्ड याने वॉलिस सिम्पसन या अमेरिकन स्त्रीशी लग्न करायचे ठरवल्यामुळे उभा राहिलेला घटनात्मक पेच. त्याची अखेर ११ डिसेंबर १९३६ रोजी राजाच्या पदत्यागाने झाली. एडवर्डची कारकीर्द अवघी ३२६ दिवसांची ठरली. प्रेमासाठी सिंहासन सोडल्याची कहाणी म्हणूनच ही घटना सांगितली जाते, पण त्यात मूळ प्रश्न झाकला जातो.

हे लग्न करायला राजाला कोणताही कायदा आडवा येत नव्हता. राजघराण्यातील विवाहांना राजाची संमती आवश्यक ठरवणारा १७७२चा कायदा खुद्द राजाला लागू नव्हता. १७०१च्या कायद्याने मज्जाव होता तो रोमन कॅथलिक जोडीदाराला, आणि वॉलिस कॅथलिक नव्हती. अडचण दोन ठिकाणी होती. राजा हा चर्च ऑफ इंग्लंडचा प्रमुख, आणि घटस्फोटिताचा पहिला जोडीदार हयात असताना होणारे पुनर्विवाह या चर्चला तेव्हा मान्य नव्हते. वॉलिसचा पहिला घटस्फोट १९२७ मध्ये झाला होता. दुसऱ्याचा सशर्त हुकूमनामा इप्सविचच्या न्यायालयाने २७ ऑक्टोबर १९३६ रोजी दिला. दुसरी अडचण अधिक खोल होती : राजाने मंत्र्यांच्या सल्ल्याने वागायचे, हा संकेत.

१६ नोव्हेंबरला एडवर्डने पंतप्रधान स्टॅन्ली बाल्डविन याला लग्नाचा निर्धार सांगितला. पत्नीला राणीपद नाही आणि मुलांना वारसाहक्क नाही, अशा ‘मॉर्गनॅटिक’ विवाहाचा तोडगा पुढे आला. मंत्रिमंडळाने तो फेटाळला. त्याच राजाला मानणाऱ्या पण स्वतःचा कारभार स्वतः चालवणाऱ्या ‘डोमिनियन’ देशांपैकी ऑस्ट्रेलिया, कॅनडा व दक्षिण आफ्रिका यांनीही विरोध कळवला. सल्ला धुडकावला तर सरकार राजीनामा देणार आणि मजूर पक्षाचा नेता ॲटली पर्यायी सरकार बनवायला तयार नाही, अशी कोंडी झाली. राजाने लग्न रेटले असते, तर निवडणूक राजाच्या बाजूने की विरुद्ध या एकाच मुद्द्यावर लढली गेली असती. पक्षांच्या वर असणे हाच ज्या पदाचा आधार, त्याला हे परवडणारे नव्हते.

रेडिओवरून जनतेपुढे आपली बाजू मांडण्याची परवानगी एडवर्डने मागितली. मंत्रिमंडळाने ती नाकारली : सिंहासनावर असेपर्यंत राजाला मंत्र्यांना डावलून प्रजेशी परस्पर बोलता येणार नाही. संपूर्ण प्रकरणाचे मर्म या नकारात आहे. तोवर गप्प असलेल्या ब्रिटिश वृत्तपत्रांनी डिसेंबरच्या सुरुवातीला मौन सोडले. ७ डिसेंबरला राजासाठी मुदत मागणाऱ्या चर्चिलला कॉमन्स सभागृहात ओरडून गप्प बसवण्यात आले. १० डिसेंबरला फोर्ट बेल्व्हिडिअर या आपल्या निवासस्थानी एडवर्डने तिघा भावांच्या साक्षीने त्यागपत्रावर सही केली. दुसऱ्या दिवशी कायदा झाला, धाकटा भाऊ सहावा जॉर्ज म्हणून राजा झाला, आणि त्याच रात्री विंडसर किल्ल्यातून एडवर्डने अखेर भाषण केले, पण आता नुसता ‘प्रिन्स एडवर्ड’ म्हणून.

वेस्टमिन्स्टरच्या १९३१च्या कायद्यानुसार वारसाक्रम बदलताना डोमिनियन देशांची संमती अपेक्षित होती. दक्षिण आफ्रिकेने राज्यत्याग १० डिसेंबरपासून धरला, तर आयर्लंडमध्ये तो १२ डिसेंबरला लागू झाला. आयर्लंडचा सरकारप्रमुख डी व्हॅलेरा याने ही संधी साधून देशाच्या राज्यघटनेतून राजाचे नावच काढून टाकले. उरला तो परराष्ट्र व्यवहारापुरता. हिंदुस्थानचा बादशहाही ११ डिसेंबरलाच बदलला, पण हिंदुस्थान डोमिनियन नसल्याने त्याच्या संमतीचा प्रश्नच नव्हता. याच एडवर्डने युवराज असताना, १९२१च्या नोव्हेंबरमध्ये, मुंबईत बहिष्कार आणि दंगली पाहिल्या होत्या, आणि पुण्यात शिवाजी महाराजांच्या स्मारकाची पायाभरणी केली होती.

३ जून १९३७ रोजी फ्रान्समध्ये एडवर्ड आणि वॉलिस यांचे लग्न झाले. त्याच्या आठवडाभर आधी निघालेल्या राजाज्ञेने ‘हर रॉयल हायनेस’ ही पदवी वॉलिसला नाकारली. नवऱ्याचा दर्जा बायकोला मिळणार नाही असे लग्न इंग्लंडच्या कायद्यात बसत नाही, असे सांगून सहा महिन्यांपूर्वी फेटाळलेला तोडगा अशा रीतीने तिच्यापुरता अमलात आला.