कुसळ

अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाचं उश्वाया बंदर सोडून अंटार्क्टिकाकडे निघाल्याला एक रात्र झाली होती. ड्रेक सामुद्रधुनीत जहाज असं डुलत होतं की भिंतीला धरल्याशिवाय पाऊल टाकता येत नव्हतं. अशा अवस्थेत आम्हा प्रवाशांना सामानासकट खालच्या दालनात बोलावलं. तिथं चार व्हॅक्यूम क्लीनर घरघरत होते. जाकीट, पॅन्ट, टोपी, कॅमेऱ्याची पिशवी, ट्रायपॉडचे पाय, जे जे किनाऱ्यावर न्यायचं ते ते साफ करून दाखवायचं. खिसे उलटे करायचे. वेल्क्रोत अडकलेला कचरा चिमट्याने उपसायचा. निम्म्या लोकांची पोटं ढवळत होती, तरी कुणाला सूट नव्हती.

माझी पाठपिशवी तपासणारी बाई वनस्पतिशास्त्रज्ञ होती. पट्ट्याच्या शिवणीत तिचा चिमटा थांबला. आत शिरलेलं काहीतरी तिने हळूच ओढून काढलं. तपकिरी, बारीक, एका टोकाला सुईसारखं, दुसऱ्या टोकाला केसासारखी पिळदार शेपटी. मी बघताच ओळखलं. नोव्हेंबरात राजगडावरून उतरताना मोज्यांत, पॅन्टीत, पिशवीत शेकड्याने घुसलं होतं, त्यातलंच एक. कुसळ. माणसाबरोबर मुंबई आणि ब्युनोस आयरेस करत ते पृथ्वीच्या पार तळाशी निघालं होतं, आणि तेही फुकट.

तिने ते बशीत ठेवून वर पाण्याचा थेंब सोडला. काही क्षण काहीच झालं नाही. मग शेपटी हलली आणि पीळ सोडत गोल फिरू लागली. कुसळी गवताच्या शेपटीत पेशींचे दोन थर असतात आणि पाणी लागलं की ते सारखे फुगत नाहीत. त्यामुळे ओलं झालं की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो. रात्री दव, दिवसा ऊन, असं चाललं की बी आपोआप गिरमिटासारखं मातीत उतरतं. टोकाजवळचे केस उलट्या दिशेने वळलेले असतात, म्हणून आत गेलेलं मागे येत नाही. मोज्यात शिरलेलं कुसळ का निघत नाही, ते लहानपणापासून सोसलं होतं. कारण कळलं ते दक्षिण महासागरात.

राजगडावरचं गवत बर्फाच्या राज्यात जगणार नाही, मग इतका थाट कशाला, असं मी विचारलं. तिने मान्य केलं की हे बी तिथं मरेल. भीती वेगळ्या बियांची आहे. २००७-०८ च्या उन्हाळ्यात संशोधकांनी अंटार्क्टिकाला जाणाऱ्या साडेआठशेच्या वर लोकांच्या कपड्यांतून, पिशव्यांतून असाच कचरा गोळा केला आणि मोजला. माणशी सरासरी साडेनऊ बिया निघाल्या. त्या एका मोसमात सगळ्यांनी मिळून अंदाजे ७० हजार बिया तिकडे नेल्या असाव्यात, आणि त्यातल्या पुष्कळशा थंड प्रदेशातल्या, म्हणजे रुजू शकणाऱ्या होत्या. माझ्यासारख्यांची बाजू थोडी सावरणारी गोष्ट एवढीच, की पर्यटकांपेक्षा शास्त्रज्ञांच्या आणि त्यांच्या मदतनिसांच्या अंगावर माणशी जास्त बिया सापडल्या. तेच जोडे, तेच जाकीट घालून जगभरच्या डोंगरांत हिंडायची त्यांना सवय.

एक गवत तर रुजलंच. पोआ ॲनुआ नावाचं, जगभरच्या हिरवळींत आणि फुटपाथच्या फटींत उगवणारं, अगदी मामुली. किंग जॉर्ज बेटावरच्या पोलंडच्या आर्क्टोव्स्की तळाजवळ ते १९८० च्या दशकात दिसलं आणि तेव्हापासून ते उपटणं हे एक कामच होऊन बसलं आहे. अंटार्क्टिकाची स्वतःची फुलझाडं फक्त दोन, एक गवत आणि एक उशीसारखं पसरणारं रोपटं. दोघांना मिळणारी बर्फाविना जमीन खंडाच्या एका टक्क्याहूनही कमी. अशा घरात परका पाहुणा आला की कोपरा शिल्लक राहत नाही. शिवाय अंटार्क्टिक द्वीपकल्प, जिथं बहुतेक पर्यटक जातात, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जवळपास तीन अंशांनी तापला. ६ फेब्रुवारी २०२० ला तिथल्या एस्पेरांझा तळावर १८.३ अंश नोंदले गेले. पुण्यात थंडीच्या दिवसांत दुपारीसुद्धा क्वचितच इतकं गार असतं हे खरं, पण तिथल्या बियांच्या हिशेबाने तो वसंत आहे.

समुद्र मात्र आपल्या परीने पहारा देतो. ड्रेकमधून अंटार्क्टिकाला वळसा घालणारा प्रवाह सेकंदाला १३ कोटी घनमीटरहून जास्त पाणी पूर्वेकडे ढकलतो. जगातल्या सगळ्या नद्या एकत्र केल्या तरी त्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढ्याच भरतील. वाटेत जमीन आडवी येत नाही, म्हणून तो फिरतच राहतो. दुसऱ्या दिवशी जहाजावरच्या फळ्यावर समुद्राच्या पाण्याचं तापमान दर तासाला लिहायला सुरुवात झाली आणि बघता बघता ते चार अंशांहून जास्तीने घसरलं. बाहेर धुकं आलं. उत्तरेचं उबदार पाणी आणि दक्षिणेचं गार पाणी भेटतं ती सीमारेषा आम्ही ओलांडली होती. नकाशावर ती नाही, माशांना आणि पक्ष्यांना मात्र पक्की ठाऊक आहे. हा पहारा अभेद्य नाही. वाहून आलेलं समुद्री शेवाळ हजारो किलोमीटर पार करून अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याला लागल्याचं २०१८ मध्ये दाखवण्यात आलं. पण शेवाळाला यायला वर्षं लागतात, आम्ही दोन दिवसांत पोचलो.

पहिला किनारा दिसण्याआधी त्याचा वास आला. सुकट वाळत घातलेल्या आवारातून जाताना येतो तसा, पण त्याहून आंबूस. रबरी बोटीतून उतरलो तर सगळा उतार गुलाबी. पेंग्विनांची शिट गुलाबी असते, कारण त्यांचं पोट क्रिलवर भरतं. क्रिल दिसायला आपल्या जवळ्यासारखा, फक्त मोठा, सहा सेंटीमीटरपर्यंत वाढणारा, आणि कुळ वेगळं. एकाचं वजन एक-दोन ग्रॅम, पण दक्षिण महासागरातल्या सगळ्या क्रिलचं मिळून अंदाजे ३० ते ५० कोटी टन. पृथ्वीवरची सगळी माणसं तराजूत घातली तर साधारण तेवढीच भरतील. पेंग्विन, सील, देवमासे, सगळ्यांची चूल या जवळ्याच्या चुलतभावावर. क्रिलची पिल्लं हिवाळ्यात समुद्रावर गोठलेल्या बर्फाच्या तळाला लागलेलं शेवाळ खरवडून जगतात. म्हणजे समुद्रावरचं ते झाकण विरळ झालं की पहिला फटका या पिल्लांना बसतो.

किनाऱ्यावरचे नियम मला आधी सरकारी वाटले, मग आवडू लागले. पेंग्विनापासून पाच मीटर लांब. त्याने वाट ओलांडली तर आपण थांबायचं, तो कितीही वेळ उभा राहिला तरी. एका वेळी किनाऱ्यावर शंभरच माणसं. बसायचं नाही, गुडघे टेकायचे नाहीत, पिशवी खाली ठेवायची नाही. हा शेवटचा नियम बर्ड फ्लूमुळे कडक झाला. तो विषाणू २०२३ च्या ऑक्टोबरात दक्षिण जॉर्जिया बेटांत आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर मेलेल्या स्कुआ पक्ष्यांत सापडला. जोडे निघताना जंतुनाशकात, परततानाही जंतुनाशकात. एक जेंटू पेंग्विन चोचीत खडा धरून माझ्यासमोर आला, थांबला, खडा खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि शेजाऱ्याच्या घरट्याकडे निघून गेला. मी दहा मिनिटं एका पायावरून दुसऱ्यावर वजन टाकत उभा. या जेंटूंची वस्ती दक्षिणेकडे सरकते आहे, आणि बर्फावर जास्त विसंबणारे अडेली पेंग्विन द्वीपकल्पाच्या पश्चिमेला घटत चालले आहेत.

डिसेप्शन बेटावर आम्ही ज्वालामुखीच्या आत जहाजाने शिरलो. तोंड फुटून आत समुद्र भरलेला, वाळूतून वाफ येते, वाळू उकरली तर हाताला ऊब लागते. काठावर गंजलेल्या प्रचंड टाक्या उभ्या आहेत. १९१२ ते १९३१ इथं देवमाशांची चरबी उकळून तेल काढत. विसाव्या शतकात दक्षिण गोलार्धात सुमारे वीस लाख देवमासे मारले गेले, तेव्हा त्या टाक्यांकडे बघताना गाईडला फार बोलावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी हंपबॅक देवमाशांची शेपटी वर आली की आम्ही फोटो काढत होतो. शेपटीच्या खालच्या बाजूचे पांढरे-काळे डाग प्रत्येकाचे निराळे, बोटांच्या ठशांसारखे. प्रवाशांचे फोटो एका जागतिक संग्रहात जातात, संगणक ते जुळवतो, आणि इथं जेवायला आलेला देवमासा हिवाळ्यात कोलंबिया किंवा इक्वेडोरच्या किनाऱ्यावर दिसला होता असं कळतं. माझा फोटो धूसर निघाला. शेजारच्या आजींचा स्वीकारला गेला.

जहाजावर आणखी एक मराठी माणूस होता, नागपूरचे, कोळसा खाणीतून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक काका. कुसळाची गोष्ट ऐकून ते हसले आणि म्हणाले, "अहो, बियांचं म्हणाल तं इथलं पान आमच्या उमरेडच्या खाणीत ढिगानं सापडते, बाप्पा." ते पान म्हणजे ग्लॉसोप्टेरिस, जिभेच्या आकाराचं, मधली शीर जाड आणि बाकीच्या शिरांची जाळी. अडीच-तीन कोटी नव्हे, पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी ही झाडं दलदलींत वाढली आणि त्यांचा कोळसा झाला. विदर्भातल्या कामठीच्या खडकांत त्या पानाचे ठसे मिळतात, तेच ऑस्ट्रेलियात, आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना रॉबर्ट स्कॉट आणि त्याचे साथीदार मेले, तेव्हा त्यांच्या घसरगाडीत १६ किलो दगड होते. उपाशी माणसांनी ते टाकले नव्हते. त्यात ग्लॉसोप्टेरिस निघालं. या झाडाची बी वाऱ्याने महासागर ओलांडण्याइतकी हलकी नव्हती, म्हणून मग जमीनच जोडलेली असणार. त्या महाखंडाला गोंडवन नाव पडलं ते आपल्या गोंडांच्या मुलखावरून. काकांना याचा अभिमान इतका, की रात्रीच्या जेवणात दोनदा तीच गोष्ट परत झाली.

गोव्याचा धागा काकांना माहीत नव्हता, तो मी पुरवला. डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखालची पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहूनच निघाली आणि ९ जानेवारी १९८२ ला बर्फावर उतरली. वास्कोच्या सड्यावर आज आपली ध्रुवीय संशोधन संस्था आहे. बाहेर दमट उकाडा, आत गोठणखोलीत अंटार्क्टिकातून आणलेल्या बर्फाच्या दांड्या. त्या बर्फात जुन्या हवेचे बुडबुडे अडकलेले असतात. आमच्या रबरी बोटीशेजारी एक तुकडा तरंगत होता, त्याचा चुटचुट आवाज मी ऐकला, लाह्या फुटाव्यात तसा. कधीकाळी दाबली गेलेली हवा सुटत होती.

आता मुसळाचं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण त्या दालनात चिमटा बघतानाच आठवली होती, पण मनावर घेतली नाही. परतीच्या वाटेवर मागच्या डेकवर उभा होतो. धुरांडं अगदी डोक्यावर. १ ऑगस्ट २०११ पासून ६० अंश दक्षिणेच्या खाली जड, घाण तेल जाळायला बंदी आहे, त्यामुळे धूर दिसतही नव्हता. काजळी मात्र असतेच. पांढऱ्या बर्फावर काजळीचा अगदी पातळ थर बसला तरी तो ऊन जास्त शोषतो आणि बर्फ लवकर वितळतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हिशेब मांडला, की एकेका पर्यटकामागे सुमारे ८३ टन बर्फ जादा वितळतो. आठ-नऊ ट्रक भरतील, माझ्या एकट्याच्या नावावर. शिवाय कार्बन डायऑक्साइड. २०११ च्या एका अभ्यासात अशा सहलीचा हिशेब माणशी साधारण साडेपाच टनांचा निघाला होता. एका सरासरी भारतीयाचं वर्षाचं उत्सर्जन दोन टनांच्या आसपास असतं.

पर्यटन कंपन्यांचं उत्तर ठरलेलं आहे, की इथं येऊन गेलेला माणूस अंटार्क्टिकाचा वकील होतो. काही जण होतातही. मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मोसमाला सहा-सात हजार माणसं जायची, २०२३-२४ मध्ये सव्वा लाखाच्या आसपास. इतके वकील झाले तर खटला कधी निकाली निघायचा, असं काकांना विचारलं. ते म्हणाले, "तुम्ही आले, आता पुढच्याले कायले अडवता?" यावर मला काही सुचलं नाही.

उश्वायात उतरण्याआधी त्या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंकडे माझं कुसळ मागितलं, आठवण म्हणून. दिलं नाही. टोपण लावलेल्या छोट्या बाटलीत ते होतं, वर तारीख आणि देश लिहिलेला. फडताळात अशा बाटल्यांची रांग होती. तिने माझी बाटली परत जागेवर ठेवली, न्यूझीलंड आणि चिली यांच्या मधे.

पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा राजगड झाला. गुंजवण्यात उतरल्यावर मोजे कुसळांनी भरले होते. मी बसून एकेक ओढायला लागलो, तर मित्र म्हणाला, "अरे, एसटी जाईल ना." मोजे तसेच गुंडाळून पिशवीत टाकले.