मोत्याचा भाव पडतो तेव्हा थर पातळ होतो

नागपूरच्या इतवारीच्या सराफ्यात मोत्यांचा सर घेतला, की दिव्याखाली सावकाश फिरवून पाहावा. काही मोती फिरताना क्षणभर उजळतात आणि लगेच विझतात. आत बसवलेल्या शिंपल्याच्या मण्याचे पट्टे वरच्या पातळ थरातून डोकावतात, त्याची ही खूण. भोकापाशी दहापट भिंग धरलं तर थर आणि मणी यांच्यामधली रेघही दिसते.

हा थर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचं खनिज असलेल्या अ‍ॅरागोनाइटच्या चकत्या आणि त्यांना जोडणारं प्रथिन. एक चकती जेमतेम अर्ध्या मायक्रॉनची, म्हणजे अर्धा मिलिमीटर थरासाठी हजारेक चकत्या एकावर एक रचल्या जायला हव्यात. त्याला वेळ लागतो. शिंपले, बीज (आत बसवायचा मणी किंवा साचा), ते बसवण्याची शस्त्रक्रिया, जाळी यांचे पैसे सुरुवातीलाच गेलेले असतात. त्यामुळे भाव उतरला की उत्पादकाला कापता येतात ते फक्त महिने. १९६०च्या दशकात जपानमध्ये अकोया जातीच्या शिंपल्यांतल्या मोत्यांचं उत्पादन फुगलं, तेव्हा घाईने काढलेला पातळ थराचा माल बाजारात आला आणि पडलेला भाव आणखी पडला. उत्पादन वाढल्याने भाव घसरतो हे कुणीही सांगेल. घसरलेला भाव मालच बिघडवतो, ही खरी गोम.

असं बीज घालून पिकवलेल्या, म्हणजे संवर्धित मोत्यांनी नैसर्गिक मोत्यांचं काय केलं, याचा एक हिशेब प्रसिद्ध आहे. १९१७ मध्ये कार्टिए या जवाहिऱ्यांनी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरची हवेली दोनपदरी मोत्यांच्या हाराच्या बदल्यात मिळवली. हाराची किंमत दहा लाख डॉलर धरली होती. १९५७ मध्ये तोच हार लिलावात सुमारे दीड लाख डॉलरला गेला. मधल्या मंदीचाही त्यात वाटा होता, पण जपानी मोत्यांनी दुर्मीळपणाच संपवला होता.

पुढे चीनने गोड्या पाण्यात याहून मोठी उलथापालथ केली. तिथल्या त्रिकोणी शिंपल्यात मणी न घालता नुसते प्रावरणाच्या (कवचाला आतून लागून असलेल्या मऊ पडद्याच्या) ऊतीचे तुकडे बसवतात आणि एकाच शिंपल्यातून चाळीसच्या घरात मोती निघतात. आपल्याकडच्या लॅमेलिडेन्स या गोड्या पाण्यातल्या शिंपल्यात दोन-चार बीजं घालणाऱ्याने या मालाशी स्वस्ताईत टक्कर घेऊ नये.

समजा, नागपूरजवळच्या शेततळ्यात १,००० शिंपले सोडले आणि शिंपल्यामागे ६० रुपये खर्च आला, म्हणजे ६०,००० रुपये. ६०० जगले, प्रत्येकी दोन बीजं, म्हणजे १,२०० मोती. त्यातला तिसरा हिस्सा विकण्याजोगा, म्हणजे ४००. दर २०० रुपये असेल तर ८०,००० येतात. दर १४० वर आला तर ५६,०००. भाव तीस टक्केच उतरला, पण २०,००० चा नफा ४,००० च्या तोट्यात गेला.

म्हणून आधी नाकारलेला माल कमी करावा. आठ सेंटिमीटरहून मोठे शिंपले घ्यावेत आणि लिटरमागे एक या दाटीने दोन-तीन दिवस टबात ठेवावेत; स्नायू सैल पडतात आणि कवच जबरीने उघडावं लागत नाही. नक्षीदार बीज, म्हणजे गणपतीसारखी नक्षी असलेला साचा, घालताना नक्षीची बाजू प्रावरणाकडे हवी. ती उलटी गेली तर थर पाठीवर चढतो आणि गणपती कोराच राहतो! त्यानंतर दहा दिवस टबात देखरेख, मेलेले शिंपले रोज बाहेर. मग नायलॉनच्या पिशव्यांतून साधारण एक मीटर खोलीवर बारा ते अठरा महिने. नागपूरच्या मे महिन्यात उथळ तळं तापतं आणि प्राणवायू घटतो, तेव्हा पिशव्या खाली सोडाव्यात. पाणी आटू दिलं तर सगळंच गेलं.

नक्षीदार मोत्यांना इथे जागा आहे, असं आमचं मत. ते वजनावर नव्हे, नगावर विकले जातात आणि गणपतीच्या नक्षीला गिऱ्हाईक इथलंच आहे.

प्रशिक्षण, शिंपले आणि ‘माल आम्हीच परत घेऊ’ हे वचन एकाच माणसाकडून मिळत असेल तर सावध राहावं. त्याची कमाई शिंपले विकतानाच झालेली असते. आकार, थराची जाडी आणि नाकारण्याचे निकष यांसह दर लिहून मागावा, तोही बीज घालण्याआधी.